टाच मुळात पुरुषांचीच होती

मराठीत घोड्याला टाच मारतात. ऐतिहासिक कादंबऱ्यांत, पोवाड्यांत, शाळेच्या पुस्तकांत हा वाक्प्रचार आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. घोडा, स्वार, रिकीब, लगाम आणि टाच, ही सगळी मर्दानी दुनिया मानली जाते. पण तीच टाच बुटाला दीड-दोन इंच उंच करून बसवली की दुकानदार तो जोडा उचलून समोरच्या फळीवर ठेवतो आणि म्हणतो, ‘हे लेडीज आहे.’ घोड्यावरची टाच पुरुषाची आणि बुटाची टाच बाईची, ही वाटणी कधी झाली? आणि कुणी केली?

हा प्रश्न माझा नाही. ओळखीतल्या एका तरुणाचा आहे. कराडचाच मुलगा, एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. त्याला घोट्यापर्यंतचे बायकांचे बूट आवडतात. झगमगीत नाहीत, साधेच. काळा रंग, बाजूला चेन, निमुळतं टोक, दीड इंचाची रुंद टाच. बक्कल नको, चमक नको, चालताना टकटक आवाज नको. पॅन्टची मोहरी वरून आली की खालचा बूट कुणाच्या लक्षातही येऊ नये, असा हिशेब करूनच तो निवडतो. दुकानात ‘बहिणीसाठी हवेत’ म्हणतो. त्यामुळे पायात घालून बघता येत नाहीत. बायकांच्या बुटांत त्याला मिळणारं सगळ्यात मोठं माप आठ नंबरचं. तेच अंदाजानं घेतो आणि पहिले पंधरा दिवस करंगळी सोलून घेतो.

असे बूट त्यानं कित्येक महिने कामावर वापरले. कुणी काही बोललं नाही, कारण कुणाला काही दिसलंच नाही. गडबड झाली ती घरात खोका सापडल्यावर. खोक्यावर बाईचं चित्र होतं. नात्यातल्या एका बुजुर्गांनी त्याला चार माणसांत ‘तौबा कर’ म्हणून सुनावलं. नंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “चाचा, हे बायकांचं आहे हे ठरवलं कुणी?” त्याला हे बूट का आवडतात, ते मी विचारलं नाही. आवडतात, एवढंच तो म्हणाला. मला ते पुरेसं वाटलं.

मी मुफ्ती नाही, इतिहासाचा वाचक आहे. त्यामुळे त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासात शोधलं.

रिकिबीतला पाय

उंच टाचेचा जोडा जगात आला तो इराणी घोडेस्वारांच्या पायांतून. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपासच्या इराणी मातीच्या भांड्यावर टाचेचा जोडा घातलेला स्वार रंगवलेला आढळतो. यामागचं कारण शोभेचं नव्हतं, लढाईचं होतं. धावत्या घोड्यावरून बाण मारायचा तर स्वाराला रिकिबीत पाय रोवून उभं राहावं लागतं. तळ सपाट असला तर पाय रिकिबीतून पुढे घसरतो. टाच असली की ती रिकिबीच्या दांडीला अडकते आणि स्वाराचे दोन्ही हात धनुष्यासाठी मोकळे राहतात. म्हणजे टाच हे सैनिकाचं हत्यार होतं.

१५९९ साली इराणच्या शाह अब्बासने युरोपातल्या दरबारांकडे वकील पाठवले. उस्मानी तुर्कांविरुद्ध त्याला दोस्त हवे होते. त्या काळात युरोपात इराणी गोष्टींची हवा निर्माण झाली आणि इराणी स्वारांची टाच युरोपातल्या सरदारांनी उचलली. पुरुष उंच दिसावा, रुबाबदार दिसावा, हा त्यामागचा हेतू. फ्रान्सचा चौदावा लुई तर उंच टाचेसाठीच प्रसिद्ध झाला. १७०१ मध्ये रिगो या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या भव्य चित्रात लाल टाचेचे जोडे ठळक दिसतात. लाल टाच ही त्याच्या दरबारातल्या मानकऱ्यांची खूण होती. ज्याच्या टाचा लाल, तो राजाच्या मर्जीतला.

आता गंमत बघा. बायकांनी टाच घेतली ती पुरुषांकडून. सतराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत युरोपातल्या श्रीमंत बायका पुरुषी टोप्या घालू लागल्या, केस आखूड करू लागल्या आणि त्याच ओघात पुरुषी टाचाही वापरू लागल्या. तेव्हा टाच घालणारी बाई ‘पुरुषी’ समजली जात होती. पुढे पुरुषांच्या टाचा जाड आणि बायकांच्या बारीक होत गेल्या. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरुषांनी टाच जवळपास सोडूनच दिली. पुरुष म्हणजे अक्कल आणि उपयोग, बाई म्हणजे नटणं आणि नखरा, अशी नवी वाटणी त्या काळात युरोपात रुजत होती. टाच नखऱ्याच्या खात्यात गेली. कॅनडातल्या टोरोंटो शहरात बाटा शू म्युझियम आहे. तिथे २०१५ मध्ये पुरुषांच्या टाचेचा हा इतिहास सांगणारं प्रदर्शन भरलं होतं. आपल्याकडे मात्र हा विषय कुणाच्या गावीही नाही.

वास्तविक आपला या दुनियेशी जवळचा संबंध आहे. कराडच्या जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे आदिलशाही काळातले. विजापूरच्या त्या दरबारात इराणी उमराव होते, फारसी ही कारभाराची भाषा होती आणि घोडे अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे दख्खनमध्ये येत होते. आपल्या पायांवर त्या काळाचे शब्द अजून आहेत. ‘पायपोस’ हा फारसी पापोश. ‘पैजार’ही फारसीच. ‘रिकीब’ अरबी. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे ‘मोजा’. फारसीत मोजा म्हणजे बूट, घोट्यावर चढणारा कातडी जोडा. मराठीत येता येता तो बुटाच्या आत गेला आणि कापडाचा झाला. शब्द टिकला, वस्तू बदलली. टाचेच्या बाबतीत नेमकं उलट झालं. वस्तू टिकली, तिचा मालक बदलला.

राणीचा बूट

हा प्रवास एकाच दिशेनं झाला असता तर कुणी म्हणालं असतं, पुरुषांनी सोडलं ते सोडलं, आता ते बायकांचं. पण उलट दिशेचंही उदाहरण आहे, आणि ते सध्या आपल्या पोरांच्या पायांत आहे. घोट्यापर्यंत येणारा, दोन्ही बाजूंना इलॅस्टिकची पट्टी असलेला, नाडी नसलेला बूट आज पुरुषांचा म्हणून सर्रास विकला जातो. चेल्सी बूट म्हणतात त्याला. लग्नाच्या सुटावर, जीन्सवर, जोधपुरीवर तो चालतो.

हा बूट लंडनच्या स्पार्क्स-हॉल नावाच्या कारागिराने तयार केला. तो व्हिक्टोरिया राणीचा जोडे बनवणारा होता. राणी १८३७ मध्ये गादीवर आली आणि त्याच सुमारास त्याने हा इलॅस्टिकचा बूट तिच्यासाठी बनवला. नाड्या बांधण्या-सोडण्याच्या कटकटीतून सुटका, चालायला सोपा, काढायला सोपा. राणीच्या पायातून तो इंग्रज घोडेस्वारांच्या पायांत गेला. मग १९६० च्या दशकात बीटल्स या गाणाऱ्या पोरांनी त्याला किंचित उंच टाच लावून घेतली आणि तो जगभर गेला. आज कराडच्या बाजारपेठेत जो तरुण बापाच्या देखत असा बूट विकत घेतो, तो एका राणीसाठी तयार झालेला बूट घेतो. बाप पैसे देतो आणि म्हणतो, ‘रुबाबदार दिसतो रे.’

म्हणजे ज्या मुलाला चार माणसांत बोल लावला गेला आणि ज्याला रुबाबदार म्हटलं गेलं, त्या दोघांच्या पायांत फरक किती? एकाला इलॅस्टिकची पट्टी, दुसऱ्याला चेन. एकाची टाच इंचाची, दुसऱ्याची दीड इंचाची. एकाचा फर्मा रुंद, दुसऱ्याचा अरुंद. बाकी फरक फळीचा आणि खोक्यावरच्या चित्राचा.

आधी कुणी घालायचं, हा प्रश्न होता

आपल्या मुलखात चपलेचा इतिहास सांगताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. इथे ‘बाईचं की बाप्याचं’ हा प्रश्न फार उशिरा आला. त्याआधीचा प्रश्न होता, पायात घालायचा हक्क कुणाला? जनावराचं कातडं कमावणारे, वहाणा शिवणारे हात ज्या समाजांचे, त्यांनाच गावातल्या वरच्या जातींच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. घरातल्या सुनांनी सासऱ्यासमोर, वडीलधाऱ्यांसमोर पायात घालायचं नाही, ही रीत तर अनेक घरांत आजीच्या पिढीपर्यंत होती. शेतात काट्याकुट्यांतून जाणाऱ्या बाईच्या पायात अनेकदा नवऱ्याची जुनी वहाणच असे. तिला कुणी ‘पुरुषाची घातलीस’ म्हणून हटकलं नाही, कारण ती गरज होती.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे आहेत. म्हणजे कराडही त्यात आलं. या चपलेत बायकांचा आणि पुरुषांचा जोड वेगळा असतो हे खरं. पुरुषांची जाड, वजनदार, करकर वाजणारी. बायकांची पातळ, नाजूक पट्ट्यांची, गोंडा किंवा जर लावलेली. पण कातडं तेच, शिवण तीच, अंगठ्याची पकड तीच. शहरातली कॉलेजची पोरं आता पातळ जोड घेतात आणि पोरी जाड. कुणाचं काही अडलेलं नाही. कारागीर फक्त माप विचारतो.

माफी असलेल्या जागा

मग पुरुषाने बाईचं काही अंगावर घेतलं की आपल्याकडे एवढा गहजब का होतो? आणि तोही नेहमी होत नाही. उलट, सांगली-सातारा हा मुलूख या बाबतीत मोठा उदार म्हणायला हवा. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला. मराठी रंगभूमीचा तो पहिला दिवस मानला जातो. त्यातल्या स्त्री भूमिका पुरुषांनीच केल्या. पुढची अनेक दशकं हेच चाललं.

या परंपरेचं शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. जन्म १८८८, मृत्यू १९६७. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे त्यांचं गाव म्हणून सांगली जिल्हा अभिमानानं सांगतो. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू, या भूमिका त्यांनी केल्या. त्यांचं शालू नेसणं, गजरा माळणं, दागिने घालणं बघून घरंदाज बायका आपला शृंगार ठरवत. एक पुरुष बाईचा लिबास घालतो आणि बायका तो त्याच्याकडून शिकतात! त्या काळी तिकीट काढून, खुर्चीत बसून महाराष्ट्राने हे डोळे भरून पाहिलं. पुढे बालगंधर्वांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी ही मुस्लिम गायिका स्त्री भूमिका करू लागली आणि दोघांनी संसारही केला. तो वेगळ्या लेखाचा विषय.

दुसरी माफीची जागा म्हणजे देव. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते साडी नेसतात, कपाळभर भंडारा लावतात, डोक्यावर जग घेऊन फिरतात. याच जिल्ह्यांतली माणसं त्यांच्या पाया पडतात. तिसरी जागा तमाशा. तिथल्या नाच्याला हसून घ्यायचं असतं. पण तमाशाच्या फडाबाहेर त्याच नाच्याची काय गत होते, ते आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीत आहे. २०१० मध्ये त्यावर सिनेमा आला. पैलवान गडी कलेपायी नाच्या होतो आणि गाव त्याचं माणूसपण काढून घेतं.

म्हणजे रंगमंच, देव आणि चेष्टा, या तीन ठिकाणी आपण पुरुषाला बाईचं लेणं माफ करतो. अट एकच, ते दिसलं पाहिजे, ठळक दिसलं पाहिजे आणि ते रोजचं नसलं पाहिजे. ज्याला ठळक काही नको, ज्याला फक्त सोमवार ते शनिवार कामावर जाताना आवडीचा बूट घालायचा आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे जागाच नाही.

रस्त्याची ही भीती इंग्रजांनी कायद्यातही आणली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग हिजड्यांविषयी होता. तो उत्तर भारतात लागू झाला. नोंदणी केलेला हिजडा बाईच्या वेशात किंवा दागिन्यांत सार्वजनिक रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ज्यांचे पूर्वज मोगल आणि अवधच्या दरबारात मानाच्या जागी होते, ते कपड्यांवरून गुन्हेगार ठरले. आज तो कायदा नाही. पण ‘रस्त्यावर नको’ ही त्यातली नजर आपण आपलीच, आपल्या धर्माची आणि तहजीबची म्हणून बाळगून बसलो आहोत.

धर्माचं म्हणणं

आता धर्माकडे येतो, कारण ‘तौबा कर’ हे धर्माच्या नावानं बोललं गेलं. पुरुषांनी बायकांची आणि बायकांनी पुरुषांची नक्कल करू नये, अशा अर्थाच्या हदीस आहेत. त्या बुखारीत आहेत आणि मी त्या नाकारत नाही. पण त्याच विषयावर अबू दाऊद यांच्या संग्रहातली एक हदीस फारसं कुणी सांगत नाही. हजरत आयेशांना कुणी एका बाईबद्दल विचारलं, जी पुरुषांचे जोडे घालते. तेव्हा त्यांनी पुरुषी वागणाऱ्या बायकांबद्दल पैगंबरांनी व्यक्त केलेली नापसंती सांगितली. हदीसमध्ये जोड्यासाठी शब्द आहे ‘नअल’. म्हणजे तळ आणि पट्ट्यांची साधी चप्पल. त्या काळच्या अरबस्तानात ती पुरुषांची वस्तू समजली जात होती.

आज कराडच्या कुठल्या मुस्लिम घरात बाईच्या पायात नअल नाही? आमच्या आया-बहिणी पट्ट्यांच्या चपला घालूनच दवाखान्यात, बाजारात, इज्तेमाला जातात. एकाही मौलानांनी त्यांना हटकलेलं मी ऐकलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. कारण रिवाज बदलला. चप्पल पुरुषांची उरली नाही, सगळ्यांची झाली. पंधराव्या शतकातले थोर भाष्यकार इब्न हजर अस्कलानी यांनी बुखारीवरच्या भाष्यात हा मुद्दा स्पष्ट केला आहे. पोशाखाची तऱ्हा प्रत्येक मुलखाच्या रिवाजाप्रमाणे वेगळी असते आणि काही लोकांत तर बाई-पुरुषांच्या पेहरावात फारसा फरकच नसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. फिकहमध्ये याला ‘उर्फ’ म्हणतात, म्हणजे चालरीत. वुजू करताना ज्यावर मसह करता येतो, त्या खुफ नावाच्या घोट्यापर्यंतच्या कातडी मोज्यांचा हुकूमही बाई-पुरुषांना एकच आहे.

यावर कुणी म्हणेल, उर्फ बदलेपर्यंत तरी थांबावं ना? म्हणणं रास्त आहे. पण उर्फ बदलतो कसा? कुणी फतवा काढून पट्ट्यांची चप्पल बायकांना दिली नाही. बायकांनी ती घातली, उन्हातान्हात चालल्या आणि पन्नास-शंभर वर्षांनी कुणाला त्यात काही वावगं दिसेनासं झालं. शिवाय नक्कल म्हणजे काय, हेही बघायला हवं. जो मुलगा मुद्दाम असा बूट निवडतो की कुणाला कळूच नये, तो कुणाची नक्कल कुणाला दाखवतोय? नक्कल करणाऱ्याला प्रेक्षक लागतो. याला तर प्रेक्षकच नको आहे.

माप

अलीकडे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. आपण आजवर इंग्रजांच्या आणि युरोपच्या मापाचे बूट घालत आलो, ते भारतीय पायांना बसत नाहीत, म्हणून ‘भा’ नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली आहे. आपल्या लोकांचे पाय पुढून रुंद, हे त्यातलं महत्त्वाचं निरीक्षण. गोष्ट साधी आहे, पण शिकण्यासारखी. शंभर-दीडशे वर्षं बूट चावत होते तेव्हा आपण पायांना दोष देत राहिलो. फर्माच चुकीचा असेल, हे कुणाला सुचलं नाही.

कुणी काय घालावं, हे सांगण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. ज्याला टाच नको त्याने सपाट घालावं. पण घरात असा खोका सापडला तर चार माणसांत बोलण्याआधी बुजुर्गांनी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. एक, जी टाच आज बायकांची म्हणून आपल्याला लाज वाटते, ती तीनशे वर्षांपूर्वी राजे मिरवत होते. दोन, चार माणसांत झालेला अपमान पोराच्या मनात बुटापेक्षा जास्त काळ टिकतो. आणि आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदार भावांना एक विनंती. समोर पुरुष गिऱ्हाईक आला आणि बायकांच्या फळीकडे बोट दाखवलं, तर ‘कुणासाठी?’ असं विचारू नका. स्टूल पुढे करा आणि नंबर विचारा.